अर्थ लागत नाय

काका कुणाशीही हात मिळवण्याआधी भिंतीजवळच्या लोखंडी पाइपाला हात लावून यायचे. गॅरेजचा अरब मालक, म्हणजे अरबाब असो, पोलीस असो, विमा कंपनीचा टायवाला साहेब असो, त्याचा पुढे केलेला हात हवेत तसाच राहायचा आणि काका चार पावलं चालत जाऊन पाइपाला शिवायचे, मग परत येऊन सलाम करायचे. अंगात साठलेला करंट समोरच्याला बसू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, "काका, इथल्या घामट हवेत कुठला करंट बसतोय?" ते म्हणाले, "अजून कुणाला बसला नाय ना? मग झालं तर."

मी तेव्हा दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका ट्रक गॅरेजच्या ऑफिसात जॉब कार्डं लिहायला होते. राहायला अजमानला. नवरा शारजात, मुलगी पाळणाघरात, आणि मी दिवसभर डिझेलच्या वासात. गाडी आली की कार्ड फाडायचं, त्यावर नंबर, किलोमीटर आणि तक्रार लिहायची, आणि खाली रिमार्कच्या रकान्यात मेकॅनिक काय म्हणाला ते लिहायचं. मेकॅनिक मल्याळम, पंजाबी, उर्दू, बंगाली, काय वाट्टेल त्यात बोलायचे. मी ते इंग्रजीत करायचे; कार्ड गाडीच्या मालकाला जायचं, कार्बन कॉपी फाइलीत राहायची. मराठी बोलणारे सहा जण होते, तेवढीच डोक्याला विश्रांती, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

काका त्या सहांतले सगळ्यात जुने. गॅरेजचे इलेक्ट्रिशियन, मंडणगडकडचे, अठ्ठावीस वर्षं तिथंच. बाकी सगळे त्यांना चाचा म्हणायचे. लोकांच्या खिशाला पेन असतं, काकांच्या खिशाला पॉलिश पेपरची घडी असायची. कुठलीही गाडी समोर आली की ते बॉनेट उघडायच्या आधीच म्हणायचे, "आधी अर्थ बघा." दिवा मंद, अर्थ बघा. हॉर्न वाजत नाही, अर्थ बघा. ऑफिसातला फ्रिज गार करेना, अर्थ बघा. एकदा मॅनेजरसाहेब सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते, तर काका माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "यांचा पण अर्थ बघायला पायजे."

मला वाटायचं, काय तत्त्वज्ञ माणूस आहे. ओळख होताना त्यांनी माझं शिक्षण विचारलं होतं. मी सांगितलं, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले. काका जागेवरून उठून उभे राहिले. त्यानंतर ते मला मॅडम म्हणायला लागले आणि जेवणाच्या सुट्टीत वायरिंगच्या शंका विचारायला लागले. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना वेगळा अर्थ द्यावा का, की चासीवरच भागवावं, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलेलं आहे. मी पण गंभीरपणे म्हटलं, प्रत्येकाला वेगळा अर्थ असलेला बरा. ते म्हणाले, "माझं पण तेच मत हाय."

काकांचा अर्थ म्हणजे अर्थिंग, बॅटरीपासून गाडीच्या लोखंडाला जोडलेली जाड पट्टी, हे मला कळायला तीन आठवडे लागले. तेही एका पंजाब्यानं हातवारे करून सांगितलं तेव्हा. त्या तीन आठवड्यांत मी काय काय लिहून पाठवलं, ते मी कधी मोजायला गेले नाही. चुकलंच माझं, मोजायला हवं होतं.

काकांचं दुसरं वेड मीटरचं. जुन्या गाड्यांचे व्यापारी यायचे आणि म्हणायचे, चाचा, जरा मीटर मागे फिरवा. तेव्हा हे सर्रास चालायचं, शेजारच्या गल्लीत दहा मिनिटांत व्हायचं. काका नाही म्हणायचे. एका व्यापाऱ्यानं थेट अरबाबाकडे तक्रार नेली. अरबाबानं बोलावून विचारलं, तर काका आधी पाइपाला शिवले, मग हात मिळवला, मग म्हणाले, "अरबाब, गाडी को झूठा उमर नहीं बताने का. वो उसी हिसाब से चलने जाती है और रस्ते में मरती है." अरबाब बराच वेळ हसला आणि म्हणाला, "खलास, यल्ला." म्हणजे झालं, निघा. व्यापारी शेजारच्या गल्लीत गेला. सहा महिन्यांनी तीच पिकअप टो करून आमच्याकडे आली, इंजिनाचा पट्टा तुटून. मीटर नवं सांगत होतं म्हणून नव्या मालकानं पट्टा बदललाच नव्हता. काकांनी पट्टा बदलला, मला खरे किलोमीटर सांगितले आणि कार्डावर लिहायला लावले.

स्वतःच्या वयाबद्दल मात्र त्यांची जुनी तक्रार होती. पासपोर्टवर जन्मतारीख एक जून. "गुरुजींनी शाळेत घालताना दोन वर्षं चढवली," ते सांगायचे. "भावकीतल्या पोराबरोबर एका वर्गात बसवायला. माझं खरं वय दोन वर्षं कमी हाय."

एक जूनचं आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही. माझ्या वडिलांची एक जून, सासऱ्यांची एक जून. गॅरेजातल्या सहा मराठी माणसांपैकी पाच जणांची एक जून. आमचा पीआरओ केरळचा, व्हिसाची कामं तो बघायचा. त्यानं एकदा पाचही पासपोर्ट माझ्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि दार लावून विचारलं, "मॅडम, सच बोलो, आपके उधर फर्स्ट जून को क्या होता है?" मी म्हटलं, "शाळेत नाव घालतात." त्यानं ते समजल्यासारखं केलं. पण पुढे कित्येक दिवस तो आमच्याकडे जरा जपूनच बघायचा.

ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षीच्या एक जूनला काका कागदोपत्री साठ होणार होते. साठीनंतर व्हिसा रिन्यू करायचा तर कंपनीनं खास पत्र द्यावं लागायचं, की या माणसावाचून आमचं अडतं. पत्र मी टाइप करायचं आणि मॅनेजरसाहेबांनी सही करायची. सही नाही, तर व्हिसा कॅन्सल आणि काका मंडणगडला.

मी म्हटलं, "काका, बरंच आहे की. घरी काकू आहेत, मुलगे आहेत, कलमं आहेत. आराम करा."

"तिकडं मी पाहुणा," काका म्हणाले. "दोन वर्षांनी दोन महिने जातो. चहा बशीत ओतून देतात. पाहुण्याला कुणी दुरुस्तीला काय देत नाय."

एवढंच म्हणाले आणि डबा धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला फोन करून तहसील कचेरीतून जन्माच्या जुन्या नोंदीचा उतारा काढायला सांगितलं. खरं वय सिद्ध झालं की पत्राबित्राची भानगडच नको, आपली दोन वर्षं आपल्याला सरळ परत मिळतील, असा त्यांचा हिशोब होता.

त्याच सुमाराला टँकर आला.

गोड्या पाण्याचा टँकर, लेबर कॅम्पांना पाणी पोचवणारा. ड्रायव्हर पेशावरचा खानसाहेब. खानसाहेब पश्तोत बोलायचे, काका मराठीत, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडलेलं मी पाहिलं नाही. गाडी नव्या पद्धतीची. इंजिनाशेजारी ताटलीएवढा ॲल्युमिनियमचा डबा, कंट्रोल मोड्यूल. त्याचा हुकूम झाल्याशिवाय इंजिनात डिझेल जायचं नाही. टँकर चालता चालता मधेच बंद पडायचा, अर्ध्या तासानं आपोआप चालू व्हायचा. कॅम्पात माणसं बादल्या घेऊन उभी, आणि खानसाहेब रस्त्यात टायरवर बसलेले.

डीलरकडचा एक टेक्निशियन लॅपटॉप घेऊन आला. वायर जोडली, स्क्रीन बघितला, म्हणाला मोड्यूल गेलाय. काका लांबून म्हणाले, "आधी अर्थ बघा." कुणी लक्ष दिलं नाही. का द्यावं? फ्रिजच्या बाबतीतही ते हेच म्हणाले होते. मॅनेजरसाहेब मंगलोरचे. चिडले की हिंदीतून इंग्रजीत जायचे आणि फार चिडले की तुळूत. ते हिंदीतच म्हणाले, "चाचा, ये कॉम्प्युटर का मामला है. आप सिर्फ खोलो और लगाओ."

नवा मोड्यूल बारा हजार दिरहमचा. ऑफिसातल्या प्रत्येकानं त्याचे आपापल्या देशाचे पैसे करून बघितले. तीन आठवड्यांनी तो आला. काकांनी जुना डबा काढून पॉलिथिनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला, कारण ते काहीच टाकायचे नाहीत. नवा बसवला. टेक्निशियननं लॅपटॉपवरून त्यात गाडीची माहिती भरली. स्क्रीनवर आलं, एकूण चाललेले किलोमीटर शून्य.

काका म्हणाले, "पुराना आकडा डालो."

"चाचा, रहने दो, मालिक खुश होगा. गाडी नई हो गई."

काकांनी मोड्यूलचा जाड प्लग हातात धरून ठेवला. नुसता धरून उभे राहिले. टेक्निशियननं घड्याळ बघितलं, मॅनेजरसाहेबांकडे बघितलं, आणि शेवटी एक लाख ऐंशी हजार काहीतरी किलोमीटर टाइप केले. मग काकांनी प्लग लावला. टँकर झकास चालू झाला.

तिसऱ्या दिवशी टँकर पुन्हा टो होऊन दारात. तोच आजार.

मॅनेजरसाहेब हिंदी आणि इंग्रजी दोन्ही ओलांडून तुळूत गेले. टेक्निशियन फोनवर म्हणाला, नवा माल खराब नसतो, बसवणाऱ्यानं काहीतरी केलं असणार. बसवणारे काका. साहेबांनी पत्राचा माझ्या हातातला कागद घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, "जो आदमी नया मोड्यूल दो दिन में मारता है, उसके लिए मैं क्या लिखूँ? जून फर्स्ट को कॅन्सल." पत्रात मी लिहिलं होतं, या माणसावाचून आमचं अडतं.

काका दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि खिशातला पॉलिश पेपर काढून टँकरखाली गेले. आता त्यांना कोण अडवणार होतं? वीस मिनिटांनी त्यांनी खालूनच हाक मारली, "मॅडम, या टँकरचं जुनं कार्ड काढा. रंग दिला तेव्हाचं."

मी फाइलीतून कार्बन कॉपी काढली. साहेबही उठून आले. काकांनी अर्थची पट्टी सोडवली होती, आणि तिच्याखाली चासीवर कंपनीचा निळा रंग होता, जाड, तुळतुळीत. आदल्या वर्षी टँकरच्या मालकानं आपल्या सगळ्या गाड्यांना नवा रंग दिला होता. रंगाऱ्यांनी पट्टी काढली, रंग फासला आणि रंगावरच पट्टी आवळली. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. डबा दोन्ही वेळा ठणठणीत होता, बिचाऱ्याला करंट मिळत नव्हता.

"पेंट के बाद गाडी यहाँ आया था ना?" साहेब म्हणाले. "तब किसी ने देखा नहीं?"

"मी देखा था," काका म्हणाले. "खान को जल्दी था, पानी का टाइम था. मी मॅडमला बोललो, अर्थ लागत नाय, परत बोलवा. मॅडमने लिखा."

साहेबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. माझंच अक्षर, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातलं. त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "रीझन नॉट क्लिअर. कॉल अगेन."

मला टँकरखाली जाऊन झोपावंसं वाटलं. मालकानं ते वाचलं असणार, कारण समजलं नाही तर परत कशाला बोलवताय म्हणून फाइलीला लावलं असणार. टँकर आठ महिने रस्त्यात बंद पडत राहिला, बारा हजारांचा डबा आला, आणि आता काकांचा व्हिसा ड्रॉवरमध्ये. सगळं माझ्या एका ओळीनं.

काका हात पुसत म्हणाले, "साब, गलती मेरा है. मैंने मॅडम को मराठी में बोला."

साहेब म्हणाले, "लेकिन मॅडम तो मराठी है."

"इसीलिए तो," काका म्हणाले.

त्यांनी रंग खरवडला, पट्टी बसवली, आणि कपाटातला जुना डबा आणून लावला. नवा लावला असता तरी चाललं असतं. पण काका म्हणाले, जुन्यावर उगाच आळ आला होता, तो धुऊन निघायला पाहिजे. खानसाहेबांनी चावी फिरवली. टँकर त्यानंतर पंधरा दिवस एकदाही बंद पडला नाही. सोळाव्या दिवशी साहेबांनी ड्रॉवर उघडून पत्रावर सही केली, आणि मला काही बोलले नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी ते पत्र पुन्हा स्वच्छ टाइप केलं, पुन्हा सही घेतली, आणि घरी जाताना वाटेत मिठाई घेतली. फार हलकं वाटत होतं. माझी चूक निस्तरली होती, आणि काका राहणार होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गावाहून सुट्टी संपवून आलेल्या एका माणसानं काकांना पाकीट आणून दिलं. पुतण्यानं पाठवलेला उतारा. काकांनी तो माझ्या खिडकीशी उभ्यानंच वाचला. मग मला वाचायला दिला. मग परत घेऊन पुन्हा वाचला.

त्यात बापाचं नाव होतं, गाव होतं, नागपंचमीची तारीख आणि साल होतं, आणि लिहिलं होतं, मुलगा. मी बोटांवर हिशोब केला, दोनदा केला. गुरुजींनी दोन वर्षं चढवली नव्हती, उतरवली होती. काका साठ होणार नव्हते. गेल्या नागपंचमीलाच त्यांना एकसष्ट पुरी झाली होती, आणि येत्या नागपंचमीला बासष्ट पुरी होणार होती.

"दुसऱ्या कुणा भावाचं असेल," मी म्हटलं.

"मी एकटाच मुलगा. बाकी बहिणी."

"मग फाडून टाका. पासपोर्टवर साठ आहे, पत्र तयार आहे, सही झालीय. कुणी विचारत नाहीये, काका."

काका पत्राकडे बघत होते. "यात वय काय घातलंत?"

"साठ."

"म्हणजे मीटर मागं फिरवलेलं हाय," काका म्हणाले. "मी इतकी वर्षं फिरवलेल्या मीटरवर चाललो. आता पुढं नाय, ते पत्र देऊ नका."

मी भांडले. खरंच भांडले, ऑफिसातले लोक वळून बघायला लागले इतकी. म्हटलं, तुम्ही फिरवलंत का? गुरुजींनी फिरवलं. म्हटलं, तिकडे तुम्हाला बशीत चहा देतील. म्हटलं, माझ्या चुकीनं तुमची नोकरी जाता जाता राहिली होती, आता तुम्ही आपणहून चाललात, मग मी काय करू? ते ऐकून घेत होते. गाडीचा आवाज ऐकताना जशी मान वाकडी करायचे तशी वाकडी करून.

मग म्हणाले, "मॅडम, एक कोरं कार्ड फाडा."

मी फाडलं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. गाडीच्या नंबरच्या जागी, त्यांच्या पासपोर्टचा नंबर. किलोमीटरच्या जागी, एकसष्ट. तक्रार, काही नाही. रिमार्कशी आल्यावर ते थांबले. हातात अजून तो उतारा होता, त्याची घडी घालून त्यांनी तो खिशात पॉलिश पेपरशेजारी ठेवला.

"लिहा, अर्थ लागला. या वेळी नीट लिहा."

मी नीट लिहिलं. ठळक अक्षरांत, इंग्रजीत, अर्थ ओके. त्यांनी अक्षरांकडे समाधानानं बघितलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मग ते चालत जाऊन भिंतीजवळच्या पाइपाला शिवून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला. करंट बसला नाही.

एक जूनला त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. आठवड्यानं ते गेले. मला रडू आलं, ते मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उरकलं. पीआरओनं त्यांचा पासपोर्ट परत देताना मला म्हटलं, चाचाने लेटर क्यों नहीं लिया. मी म्हटलं, "फर्स्ट जून का प्रॉब्लेम था." त्यानं समजल्यासारखं केलं.

कार्ड मी ठेवून घेतलं. काही वर्षांनी, माझी लेक वाचायला लागली तेव्हा, तिला ते कपाटातल्या फाइलीत सापडलं.

"ममा, हूज कार इज धिस? अर्थ ओके? लाइक, द प्लॅनेट?"

मी म्हटलं, प्लॅनेट नाही गं, वायरिंगचं असतं ते. एक काका होते, ते मराठीत बोलले आणि मी इंग्रजीत लिहिलं.

"सो व्हॉट डिड ही से इन मराठी?"

"अर्थ लागला."

"अँड व्हॉट डझ दॅट मीन?"

मी बॅटरीचं, पट्टीचं सांगायला लागले आणि कार्ड लिहिलं तो दिवस आठवला. त्या दिवशी खिडकीशी गाडी नव्हती. बॅटरी नव्हती, पट्टी नव्हती. काकांच्या हातात फक्त तो जन्माचा उतारा होता.

लेक कार्ड धरून वाट बघत होती.

"रीझन क्लिअर," मी म्हटलं, आणि पेन आणायला उठले.